उंचवटा

१

माणसाने नाकासमोर चालावं, असं आमच्या पिढीला शिकवलेलं. मी तसा चाललो असतो तर पहिल्याच वळणावर गटारात गेलो असतो, कारण माझं नाक लहानपणापासून उजवीकडे बघत असे. झोपाळ्याची फळी लागली होती. पुढे नोकरीत असताना एका डॉक्टरने ते सरळ करायचा प्रयत्न केला. तेव्हापासून ते डावीकडे बघू लागलं. कचेरीतले लोक याला माझं मतपरिवर्तन म्हणत.

मी आवक-जावक विभागात कारकून होतो. आलेलं टपाल नोंदवायचं, जाणारं टपाल नोंदवायचं, आणि मधल्या मधे ते कुठे गडप होतं याची चिंता साहेबांवर सोडायची. सगळ्या कचेरीची आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाची स्वतःची आवक-जावक मात्र बंद. डावी नाकपुडी कायमची मिटलेली, उजवी तिच्या मर्जीने चालायची. जागेपणी मी तोंडाने श्वास घ्यायचो आणि झोपेत घोरायचो.

घोरणंही साधंसुधं नव्हतं. हिचा धाकटा भाऊ एकदा मुक्कामाला होता. सकाळी चहाचा कप हातात घेत म्हणाला, "भावोजी, रात्रभर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. सापडली का हो जागा त्याला?"

मी हसलो. ही हसली नाही. माझ्या घोरण्यावर ही कधी हसली नाही आणि कधी चिडलीही नाही. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तिने आपली गादी शेजारच्या खोलीत नेली आणि मधलं दार अर्धवट उघडं ठेवलं. दार बंद का नाही करत, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "राहू द्या. तुमचा आवाज आला की घरात माणूस आहे असं वाटतं."

मला ते फार गोड वाटलं होतं. निवृत्त माणसाला गोड वाटायला फारसं काही लागत नाही.

परदेशात जाऊन नाक नीट करून आणायची कल्पना हिचीच. पडदे बदलायचे तरी दोन वर्षं विचार करणारी बाई. पण हा दवाखाना तिने मुलीला फोन करकरून शोधला, तिथली खोली ठरवली, माझा स्वेटर बाहेर काढून उन्हात टाकला, आणि मग मला सांगितलं. "उरलेलं आयुष्य तरी नीट श्वास घ्या," म्हणाली. उभ्या संसारात हिने कशाचा हट्ट धरल्याचं मला आठवत नव्हतं. म्हटलं, निदान एक हट्ट तरी पुरवावा. शिवाय त्यात फायदा माझाच होता. असं मला वाटत होतं.

२

दवाखाना एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होता. वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया, खालच्या मजल्यावर पेशंट आणि सोबतच्या माणसांच्या खोल्या. बैठकीच्या खोलीत नाकावर पांढरा तंबू ठोकलेली माणसं एका ओळीत बसलेली असत आणि सगळीच तोंडं उघडी. एखाद्या घरट्यात वाकून पाहिल्यासारखं वाटे.

आमच्यासाठी एक दुभाषीबाई होती. तिची आई आपल्याकडची. त्यामुळे भाषा चांगली, फक्त जरा पाहुण्यासारखी जपून वापरायची. तिने पहिल्याच भेटीत मला 'काका' केलं आणि हिला 'ताई'. म्हणजे मी माझ्याच बायकोचा काका झालो. मी ते बोलून दाखवलं, पण तिने ते सर्जनना सांगितलं नाही. काही गोष्टींचं भाषांतर होत नाही, किंवा त्या तेवढ्या लायकीच्या नसतात.

सर्जन ठेंगणे, गोल बोटांचे. त्यांनी माझं नाक बराच वेळ चाचपलं आणि काहीतरी विचारलं.

"काका, डॉक्टर विचारतात, तुम्ही स्वतःचं नाक कधी बघता?"

"दाढी करताना. तेही नाइलाजाने."

"आणि ताई?"

हिने मांडीवरची पिशवी सारखी केली.

"डॉक्टर म्हणतात, नाक ज्याच्या तोंडावर असतं त्याला ते दिसत नाही. समोरच्याला दिसतं. म्हणून आकार सोबतच्या माणसाने ठरवायचा. इथे अशीच पद्धत आहे."

मला हे पटलं. नोकरीतही माझ्याबद्दलचे सगळे निर्णय समोर बसलेल्या माणसानेच घेतले होते.

त्यांनी माझ्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला. त्यात नाकाच्या जागी सपाट पट्टी होती. तो साचा आणि करड्या मऊ मातीचा गोळा हिच्या हातात दिला आणि तिला कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं. दाराला काच होती. मी बाहेरून बघत उभा राहिलो. आत आणखी दोन-तीन जण होते. एक नवरा फोटोंचं जाडजूड पुस्तक उघडून नाकं निवडत होता, जशी बायका ब्लाउजची कापडं निवडतात. एक म्हातारी मुलाच्या साच्यावर नाक करायची, मान वाकडी करून बघायची आणि मोडायची.

हिने पुस्तक उघडलं नाही. माती हातात घेऊन थोडी मळली. मग डोळे मिटले.

अंगठा वरून खाली आला. भुवयांच्या खाली किंचित थांबला, एका बाजूला सरकला, मग पुढे गेला. दिवे गेल्यावर माणूस आपल्याच घराच्या भिंतीवरून बटणाकडे हात नेतो ना, तसा. एकदाच. पुन्हा हात लावावा लागला नाही.

बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "झालं?"

"झालं."

"कसं केलंस?"

"नाकासारखं."

ही भाजी निवडून झाली तरी साबणाने हात धुते, वर्तमानपत्र वाचून झालं तरी धुते. त्या दिवशी तिने हात धुतले नाहीत. संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांवर ती माती वाळत होती.

३

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण मी तिथे नव्हतो. जागा झालो तेव्हा नाकात दोन बोळे, नाकावर तंबू, आणि तोंड नेहमीप्रमाणे कामावर हजर.

त्यानंतरचे दिवस माझ्या संसारातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो, पण ते तसे होते. हिने आपला पलंग ओढून माझ्या पलंगाला लावला. सूप भरवलं. केस विंचरले. दुभाषीबाई बैठकीत बसून सिनेमा बघायला बोलवायला आली तर "नको गं, यांच्यापाशी बसते" म्हणाली. कधीतरी गुणगुणायचीसुद्धा. हिला गाता येतं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे लग्नाआधी गायची असं ऐकलं होतं, पण लग्नाआधी मीसुद्धा व्यायाम करायचो.

एकच गोष्ट खटकली. ही माझ्याकडे एकसारखी बघत बसायची, पण माझ्या डोळ्यांकडे नाही. मी बोललो, हसायचा प्रयत्न केला, तरी तिची नजर थोडी खालीच, त्या पांढऱ्या तंबूवर. कुणी यायचं असलं की आपण दाराकडे बघत बसतो, तशी.

मी स्वतःची समजूत काढली. नव्या वस्तूकडे माणूस बघतंच. आमच्याकडे फ्रीज आला तेव्हाही ही अशीच बसली होती.

४

तंबू काढला त्या सकाळी सर्जननी माझ्या हातात आरसा दिला.

नाक चांगलं होतं. ते मान्य केलं पाहिजे. ना डावीकडे, ना उजवीकडे. आयुष्यात प्रथमच पक्षविरहित. पण अगदी वर, भुवयांच्या खाली, त्यावर एक उंचवटा होता. लहानसा. आणि तिथेच डाव्या अंगाला बोटाने दाबल्यासारखी पुसट खाच.

"हे राहून गेलं वाटतं," मी उंचवट्यावर बोट ठेवून म्हणालो.

दुभाषीबाईने विचारलं. सर्जन हसले आणि बरंच बोलले.

"राहून नाही गेलं, काका. डॉक्टर म्हणतात, ताईंनी मातीत तसंच केलं होतं. त्यांना वाटलं बोट लागलं असेल. त्यांनी ते नंतर सपाट केलं, तर ताईंनी परत केलं. अगदी तिथेच."

मी हिच्याकडे पाहिलं. हिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आवडलं?" मी विचारलं.

तिने मान हलवली. मला नाही. थोडं खाली, नाकाकडे बघत.

खोलीवर येऊन मी बराच वेळ आरशासमोर बसलो. मी काही नाकांचा जाणकार नाही. पण एवढं मलाही समजतं: बिघडलेलं नाक दुरुस्त करायला आलेली बाई मनाने नाक घडवेल तर ते सरळ घडवेल. कल्पनेतली नाकं सरळच असतात. उंचवटा कुणाला सुचत नाही. तो आठवावा लागतो.

आणि मग दुसरा विचार आला, तो पहिल्याहून वाईट होता. हिने डोळे मिटले होते. म्हणजे आठवत होतं ते डोळ्यांना नाही, बोटांना. इतक्या वर्षांत हिने माझ्या नाकाला कधी बोट लावलं होतं, ते मी आठवून पाहिलं. सर्दीत बाम लावायला. तेव्हाही बाटली माझ्या हातात देऊन, "नीट चोळा" म्हणून.

५

दुपारी मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. हिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्याच्या बाजूला चित्र नीट येत नसावं, कारण तो जोरात बोलत होता.

"काय भावोजी! ट्रक गॅरेजमधून बाहेर आला का? हॉर्न वाजवून दाखवा एकदा!"

"नवं इंजिन बसवलंय," मी म्हणालो. "जरा जवळून बघ."

तो हसत हसत पडद्याजवळ आला. मग चित्र स्थिर झालं असावं. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आतला माणूस निघून गेल्यासारखं.

"ताई," तो म्हणाला.

"बोल ना."

"ताई, हे काय केलंस?"

"आवाज तुटतोय रे तुझा," ही म्हणाली, आणि फोन बंद केला. मग शांतपणे माझं पांघरूण सारखं केलं.

"काय म्हणत होता तो?"

"नेटवर्क नाही इथे. पडा तुम्ही."

६

वास परत यायला वेळ लागतो, असं दुभाषीबाईने सांगितलं होतं. सुरुवातीला भलतेसलते वासही येतात, घाबरायचं नाही, असंही सांगितलं होतं. नव्या नाकाला आलेला पहिला वास औषधाचा असेल, नाहीतर खाली रस्त्यावर लाँड्रीतून येणाऱ्या वाफेचा, असा माझा अंदाज होता.

पहिला वास पाण्याचा आला. वाहत्या पाण्याचा नव्हे. साचलेल्या, खोल पाण्याचा. शेवाळ, ओला दगड, तळाचा गाळ. मी उठून न्हाणीघर पाहिलं. कोरडं. बेसिन पाहिलं, खिडकीतून खाली वाकून गटाराचं झाकण पाहिलं. रस्ता झाडून स्वच्छ होता. चष्म्याच्या दुकानाचा मालक पायरी पुसत होता.

"तुला काही वास येतोय?" मी हिला विचारलं.

तिने माझ्याकडे वळून खोल श्वास घेतला. माझ्याकडे वळून, खिडकीकडे नाही.

"नाही," ती म्हणाली. तिला माझा प्रश्न ऐकून आनंद झाला होता. तो लपवताना ती घाईघाईने कपड्यांच्या घड्या घालू लागली.

मी फोन घेऊन जिन्यात गेलो आणि मेहुण्याला लावला. त्याने उचलायला वेळ घेतला.

"हे नाक कुणाचं आहे?" मी विचारलं.

"भावोजी, सोडा ना. जुनी गोष्ट आहे."

"गोष्ट नाही विचारत मी. नाक कुणाचं, ते विचारतोय."

मागे कुठेतरी त्याच्या घरातला कुकर शिट्टी देत होता. शेवटी म्हणाला, "तुमचं ठरायच्या आधीची गोष्ट आहे. तो गेला, भावोजी. तळ्यात. पोहायला उतरला आणि सापडलाच नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा सापडला. ओळख पटवायला आम्हीच गेलो होतो."

"मग?"

"नाकावरून ओळखला. तो वरचा उंचवटा होता ना त्याला. नाक तेवढं तसंच होतं. बाकी ओळखण्यासारखं काही नव्हतं."

"हिने पाहिलं होतं?"

"नाही. ताईला कुणी बघू दिलं नाही." मग म्हणाला, "ती आजही विश्वास ठेवत नाही. म्हणजे, मला वाटलं होतं, आता ठेवत असेल."

इतकी वर्षं हा माणूस माझ्या घरी येत होता, माझ्या ताटाशेजारी बसून जेवत होता, माझ्या घोरण्यावर विनोद करत होता. सगळ्या घराला ठाऊक होतं. फक्त आवक-जावकच्या कारकुनाकडे हे टपाल कधी आलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मला डुलकी लागली. जाग आली ती नाकावरच्या बोटांनी. डोळे उघडले नाहीत. ही अंगठा हळूहळू वरून खाली नेत होती. उंचवट्यावर थांबायची, खाचेत बोट टेकवायची, पुन्हा वर.

"किती गार पडलायस," ती म्हणाली. "किती उशीर केलास."

माझ्याशी ती 'तुम्ही'शिवाय कधी बोलली नव्हती. मी अंग चोरून पडून राहिलो. आपण हे ऐकत आहोत असं तिला कळू नये म्हणून मी श्वास रोखला.

श्वास थांबला नाही.

हे नीट सांगायला हवं, कारण मी तर्काला धरून चालणारा माणूस आहे. माझं तोंड मिटलेलं होतं. छाती मी आवळून धरली होती. तिथे काही हलत नव्हतं. आणि तरी नाकातून वारा येत होता, जात होता. सावकाश. मी इतका निवांत श्वास जन्मात कधी घेतलेला नाही. तिची बोटं त्या वाऱ्यासमोर धरलेली होती, शेकोटीपुढे धरावीत तशी.

मी तोंड उघडून मोठ्याने हवा ओढली आणि उठून बसलो. तिने हात मागे घेतला.

"कोण होता तो?" मी विचारलं.

"कोण?"

"ज्याचं हे नाक आहे."

"तुमचंच आहे की. तुमच्याच तोंडावर आहे ना?"

"मी तुझ्या भावाशी बोललोय."

ती जराही गडबडली नाही. मांडीवरची टॉवेलची घडी तिने उलगडली आणि पुन्हा घातली.

"मला आधी सांगायचं होतंस," मी म्हणालो. "मी काही खाल्लं नसतं तुला. मेलेल्या माणसावर कुणी चिडत नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही सगळे त्याला मेलेला म्हणता."

"माझं तोंड काय तुला रिकामा प्लॉट वाटलं?"

तेव्हा तिने प्रथमच माझ्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या भाडेकरूला जागा सोडायला सांगताना सभ्य मालकीण जशी संकोचते, तशी ती संकोचली होती.

"इतक्या वर्षांत तुमच्यापाशी मी कधी काही मागितलं का?" ती म्हणाली.

मी आठवून पाहिलं. खरंच काही मागितलं नव्हतं.

८

शेवटच्या तपासणीला मी ठरवून गेलो होतो. सर्जन बसायच्या आतच म्हणालो, "यांना सांग, मला माझं जुनं नाक परत हवंय. वाकडं, बंद, जसं होतं तसं."

दुभाषीबाईने आधी हिच्याकडे पाहिलं. हिने बारीकशी मान हलवली. मग दुभाषीबाई सर्जनशी बोलली. माझ्या वाक्यापेक्षा ते बरंच छोटं होतं.

"काका, डॉक्टर म्हणतात, आकार ताईंनी ठरवलाय. बदलायचा तर त्यांनीच सांगायला हवं. तुमची तक्रार काय आहे? श्वास लागतो?"

"नाही."

"दुखतं?"

"नाही. हा... दुसराच कुणीतरी..." मी थांबलो. नोकरीभर लोकांच्या तक्रारी हाताळल्या; ही कोणत्या शब्दांत मांडायची ते सुचेना.

"आधी तपासणी होऊ दे," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "सोपी आहे. तोंड घट्ट मिटायचं. समोर बघायचं, मागे वळायचं नाही. ताई मागून हाक मारतील. तुम्ही नाकातून नुसतं 'हं' म्हणायचं. त्यावरून डॉक्टरांना आतली वाट कळते."

मला खुर्चीत बसवलं. समोर हत्यारांचं काचेचं कपाट होतं आणि त्यात माझं अंधूक प्रतिबिंब. ही माझ्या मागे उभी राहिली. मी मनाशी पक्कं केलं: 'हं' म्हणायचं नाही. दात आवळले, श्वास कोंडला. नाक नापास झालं म्हणजे डॉक्टरांना ते उघडावंच लागेल.

मी 'अहो'ची वाट बघत होतो. संसारात हिने माझं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. सगळं 'अहो'वर भागलं. मला वाटायचं, पुरुषाचं नाव घेऊन हाक मारायची हिच्या जिभेला सवय नाही.

चांगली सवय होती. हिने नाव घेऊन हाक मारली. दोन अक्षरांचं, शेवट किंचित लांबवून, पाण्याच्या काठावरून पलीकडच्या काठाला मारावी तशी. ते नाव माझं नव्हतं. मी ते इथे लिहिणार नाही.

"हं?"

तरुण आवाज होता, थोडा थट्टेखोर. माझ्या चेहऱ्याच्या मधोमधून आला. दात आवळलेलेच होते. छाती कोंडलेलीच होती.

मी समोर बघत होतो. हे मी शपथेवर सांगेन. मान हलवली नव्हती. काचेतल्या चेहऱ्याने त्यामुळे माझ्याकडे बघायला हवं होतं. पण मला दिसली ती एक बाजू: कपाळ, त्याखाली उंचवटा, ओठ, हनुवटी. केस ओले, कपाळाला चिकटलेले.

तो मागे वळून तिच्याकडे बघत होता.

सर्जननी टाळी वाजवली.

"फार छान, काका," दुभाषीबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, इतकं पटकन उत्तर देणारं नाक त्यांनी पाहिलं नाही."

९

घरी परत येऊन बरेच दिवस झाले. शेजारी म्हणतात, दहा वर्षांनी तरुण झालात. मुलगी फोनवर म्हणाली, "आई किती खूश आहे, बाबा! तुम्ही हे आधीच करायला हवं होतं." मेहुणा काही येत नाही. कामं आहेत म्हणतो.

मी घोरत नाही. हिने आपली गादी परत माझ्या खोलीत आणली, तेव्हा मी माझी शेजारच्या खोलीत नेली. मधलं दार मी बंद करतो. उठतो तेव्हा ते अर्धवट उघडं असतं आणि माझी उशी ओली असते. घामाने असेल. घामाला गाळाचा वास येत नाही, हे मला माहीत आहे.

घोरणं हे फार उपयोगाचं काम होतं, हे मला आता कळतं. घरात कोण आहे, ते त्यावरून समजत असे. त्या वेळी ही अर्धवट उघड्या दारातून काय ऐकत असेल, असं मनात येतं. माझा आवाज ऐकून तिला बरं वाटत होतं की आणखी एक रात्र दुसरं कुणी आलेलं नाही, एवढंच कळत होतं?

जागा असतो तोवर मी तोंड उघडं ठेवतो. तेवढा एक श्वास अजून माझा आहे. लहानपणापासून मीच तो घेत आलो. वाचताना, टीव्ही बघताना, रस्त्याने चालताना. लोकांना वाटतं, सवय जात नाही म्हाताऱ्याची. घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात. झोप येऊ नये म्हणून मी हल्ली दिवसासुद्धा ताठ पाठीच्या खुर्चीत बसतो. आणि मधूनमधून लक्षात येतं की वाचता वाचता ओठ आपोआप मिटले होते, आणि पुस्तकाची पानं पुढे गेली आहेत, आणि ही समोर बसून कुणाच्या तरी बोलण्यावर हसते आहे.

आज दुपारी ती आली. हातात व्हॅसलिनची डबी होती. माझ्या खुर्चीपाशी खाली बसली आणि माझ्या फुटलेल्या ओठांना बोटाने व्हॅसलिन लावू लागली, फार हळुवारपणे. मग हनुवटीखाली तळहात ठेवला. वर ढकलला नाही. नुसता ठेवला.

"अहो," ती म्हणाली. तिची नजर माझ्या डोळ्यांच्या किंचित खाली होती. "मिटा ना तोंड. थोडाच वेळ."